लायसन नसलं तरी बचावाचा हक्क आहे, कट्टा बाळगला तर मात्र थेट आत : बंदूक, स्वसंरक्षण आणि फोन तपासणीबद्दल कायदा काय सांगतो

रब्बीचा हंगाम लागला की यावल, रावेर, चोपड्याच्या केळी पट्ट्यात आणि तिकडे शिरपूर, साक्रीकडे शेतकऱ्याची रात्र शेतातच जाते. कृषिपंपाला रात्रीची पाळी आली की टॉर्च, काठी घ्यायची, डोक्याला मफलर गुंडाळायचा आणि निघायचं. वाटेत बिबट्याची भीती, विहिरीवर केबल आणि मोटार चोरणाऱ्यांची. कुणाच्या बागेतले केळीचे घड रातोरात कापून फेकलेले असतात, कुणाची ठिबकची नळी गायब असते. तक्रार होते, पंचनामा होतो आणि सकाळी टपरीवर चहा घेताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "एखादं लायसन काढून घ्यावं भाऊ."

या एका वाक्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. बंदूक बाळगता येते का? बंदूक असो वा नसो, अंगावर आलेल्याला मारता येतं का? आणि पोलीस किंवा सरकार आपल्या घरात, फोनमध्ये किती डोकावू शकतं? कायद्यात या तिघांचं वजन सारखं नाही. बंदूक बाळगणं हा भारतात हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. स्वतःचा जीव वाचवणं हा हक्क आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आणि खासगीपणा तर थेट राज्यघटनेतला मूलभूत हक्क आहे. गावागावात समज मात्र नेमका उलटा. लायसनसाठी लोक कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारतात, आणि जे हक्क आधीच हातात आहेत त्यांची माहिती केस अंगावर आल्यावर होते.

लायसन : हक्क नाही, पण मनमानीही नाही

अमेरिकेत १७९१ पासून घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा स्वतःचा हक्क असल्याचं सांगितलं. आपल्याकडे तसं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा फरक बोलून दाखवला : कायद्याने परवानगी दिल्याशिवाय शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतात कोणालाच नाही.

असं होईल हे आधीपासून ठरलेलं नव्हतं, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८७८ चा शस्त्र कायदा इंग्रजांनी आणला तो १८५७ च्या धक्क्यातून. त्या उठावात खान्देशातले भिल्ल खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्यामागे उभे राहिले होते, १८५८ ची आंबापाणीची लढाई त्यातलीच. या कायद्याचा राग इतका होता की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. (याच काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन पाच वर्षांनी आपल्या फैजपूरला भरलं.) पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परक्या सरकारविरुद्धची मागणी वेगळी आणि स्वतंत्र देशात सरसकट सगळ्यांना शस्त्र देणं वेगळं, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. तेव्हापासून बंदूक परवान्याच्या रस्त्यानेच येते.

तो रस्ता १९५९ च्या शस्त्र अधिनियमातून आणि २०१६ च्या शस्त्र नियमांतून जातो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. वय किमान २१. सोबत ओळख आणि पत्त्याचे कागद, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो आणि मग निर्णय.

आता कायद्यातल्या अशा दोन-तीन गोष्टी, ज्या टपरीवर कधी बोलल्या जात नाहीत. पहिली, सगळ्या शस्त्रांना एक न्याय नाही. स्वसंरक्षणासाठी किमान २० इंच नळीची साधी बंदूक किंवा खरोखर पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाच्या बाबतीत कलम १३ ची भाषा त्यामानाने सैल आहे. नकार देण्याजोगं कारण नसेल तर परवाना द्यावा, असा तिचा सूर आहे. ठासणीची बंदूक पीक राखायला पुरत नाही असं अधिकाऱ्यांना पटलं, तर दुसरी साध्या नळीची बंदूकही देता येते. पिस्तूल, रिव्हॉल्व्हरसाठी मात्र 'सबळ कारण' दाखवावं लागतं, आणि गावातली प्रतिष्ठा हे काही सबळ कारण नाही. दुसरी गोष्ट, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ स्पष्ट सांगतं. लायसन बागायतदारालाच मिळतं, ही समजूत कायद्याची नाही, व्यवहाराची आहे. तिसरी, नकार दिला तर त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि अर्जदाराने मागितल्यास थोडक्यात द्यावी लागतात. सार्वजनिक हिताला बाध येत असेल तरच त्यातून सूट. त्या नकारावर अपीलही करता येतं. पोलिसांचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा अधिकाऱ्यांना आहे, त्यामुळे 'रिपोर्टच आला नाही' हे कायमचं उत्तर होऊ शकत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली, पण एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली. वरातीत किंवा मिरवणुकीत आनंदाच्या भरात बार उडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक लायसनची असली तरीही.

निवडणूक आली की परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. सरसकट सगळ्यांची शस्त्रं गोळा करणं बरोबर नाही, छाननी समितीने एकेक प्रकरण बघून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात २००९ साली सांगितलेलं आहे. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही आणि ज्याचा मळा गावापासून लांब आहे, त्याने नोटीस आल्यावर समितीपुढे आपलं म्हणणं लेखी द्यायला हरकत नाही.

कट्टा : स्वस्त मिळतो, महाग पडतो

लायसनची वाट लांब वाटते म्हणून काही जण जवळची धरतात. ती सातपुड्याकडे जाते. चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी हे नाव गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येतंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये संशयिताला पकडायला गेलेल्या चोपडा ग्रामीण पोलिसांच्या पथकावर तिथे हल्ला झाला आणि एका पोलिसालाच पळवून नेण्यात आलं. मध्य प्रदेश पोलिसांच्या मदतीने त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी मोठा फौजफाटा नेऊन उमर्टीतल्या शस्त्र बनवण्याच्या भट्ट्या मोडल्या. पुण्यातल्या टोळ्यांच्या हातातला कट्टा खान्देशच्या वेशीवरून जातो, म्हणून पुण्याहून इथवर यावं लागलं. यात एक सांगायला हवं. लोहारकाम पिढीजात असलेल्या सगळ्या समाजाला यासाठी धारेवर धरणं चूक आहे. गुन्हा बनवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा.

घेणारा बहुतेक वेळा 'संरक्षणासाठी घेतला' असंच सांगतो. ते कोर्टात चालत नाही. विनापरवाना बंदूक जवळ बाळगल्याबद्दल २०१९ नंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. बनवणं, विकणं यासाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. 'गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त' अशी दोन ओळींची बातमी ज्याच्या नावावर लागते, त्याची पोलीस भरती, पासपोर्ट आणि पुढचं खरं लायसन, सगळ्यावर पाणी पडतं.

तलवारीबद्दलही गैरसमज आहेत. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून रील टाकणाऱ्यांवर शस्त्र अधिनियमाचं कलम ४ आणि २५ लागतं, आणि पुरावा त्यांनी स्वतःच इंस्टाग्रामवर ठेवलेला असतो. कोयता, विळा, कुऱ्हाड ही शेतीची अवजारं शेतात चालतात. पण जिल्हाधिकाऱ्यांचा कलम ३७ (१) (३) चा मनाई आदेश लागू असताना तीच घेऊन बाजारपेठेतून फिरलं तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ खाली गुन्हा होतो. माकडांसाठी आणलेली एअरगनसुद्धा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीची असेल तर परवाना लागतो. मिरचीचा स्प्रे विनापरवाना जवळ ठेवता येतो. पण जमिनीच्या भांडणात भावकीच्या डोळ्यांत मारला तर तो गुन्हाच.

जीव वाचवण्याचा हक्क : परवान्याशिवायचा

हा भाग भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, पण ही कलमं जवळपास जशीच्या तशी जुन्या दंड संहितेतली, ९६ ते १०६. म्हणजे हा हक्क इंग्रजांच्या काळापासून आहे. नवीन काही मिळवायचं नाही, असलेलं समजून घ्यायचं आहे.

हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्या कोणाचंही शरीर, आपली किंवा दुसऱ्याची मालमत्ता, सगळं यात येतं. शेजारणीवर कोणी हात टाकत असेल तर मध्ये पडणाऱ्यालाही हेच संरक्षण आहे. आणि कायदा कोणाला भ्याडासारखं पळून जा असं सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शनसिंग निकालात याची तत्त्वं एकत्र मांडली आहेत : धोका खरोखर घडण्याची वाट पाहायची गरज नाही, वाजवी भीती पुरेशी आहे. आणि जीव मुठीत धरून लढणाऱ्याने प्रत्येक घाव तराजूत तोलावा अशी अपेक्षा नाही.

पण सीमा आहेत, आणि सगळ्या केसेस त्या सीमेवरच होतात. पोलिसांकडे जायला वेळ असताना स्वतः हात उचलायचा नाही. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि धोका संपला की हक्कही संपतो.

समजा, रात्री दोन वाजता एक जण विहिरीवरची केबल कापतोय. शेतकरी ओरडतो, चोर केबल टाकून पळतो, शेतकरी मागून धावत जाऊन डोक्यात कुऱ्हाड घालतो. हा बचाव नाही. केबल हातात आहे, चोर पाठमोरा आहे, धोका गेलेला आहे. आता तोच चोर वळून लोखंडी पाना घेऊन अंगावर आला असं समजा. इथे जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती आहे. कलम ३८ खाली या प्रसंगात समोरचा मेला तरी तो गुन्हा ठरत नाही. असे सात प्रसंग कायद्याने मोजून दिलेत : जिवाला धोका, गंभीर दुखापतीचा धोका, बलात्काराचा हल्ला, अनैसर्गिक अत्याचाराचा हल्ला, पळवून नेणं, सुटकेसाठी कोणाकडे दाद मागता येणार नाही अशा रीतीने कोंडून ठेवणं, आणि ॲसिड फेकणं किंवा फेकण्याचा प्रयत्न.

मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा त्याहून अरुंद आहे, कलम ४१ मध्ये. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवलेल्या गोदामाला आग लावणं, आणि अशी चोरी किंवा घरात घुसणं ज्यात जिवाचा किंवा गंभीर दुखापतीचा धोका वाटावा. उभ्या केळीचे घड कापणारा या यादीत बसत नाही. कितीही चीड आली तरी नाही. वर्षभराची मेहनत एका रात्रीत जमिनीवर बघणाऱ्याला हे पटणं अवघड आहे. पण त्याला अडवणं, धरणं, गरजेपुरतं बळ वापरणं कायद्यात बसतं. ठार मारणं बसत नाही.

धरलं तर पुढे काय, हेही लिहिलेलं आहे. डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो. मात्र उगाच वेळ न काढता, आणि काहीही झालं तरी सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. पोलीस पाटलाला बोलवायचं, ठाण्याला फोन करायचा. झाडाला बांधून रात्रभर 'विचारपूस' केली की पकडणाराच आरोपी होतो.

कुंपणाला थेट लाइनचा करंट सोडणं हा याच भागातला सर्वात घातक प्रकार. झटका मशीन वेगळं, ते थांबून थांबून हलका झटका देतं. खांबावरून आकडा टाकून सोडलेली तार माणूस, बैल, रानडुक्कर यांत फरक करत नाही. साठच्या दशकात बिहारमधल्या एका प्रकरणात एकाने शौचालयाच्या वाटेवर उघडी विजेची तार लावली आणि शेजारची बाई दगावली. सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणाचा बचाव फेटाळला. परवानगीशिवाय आत आलेल्याच्या जिवासाठीही असा सापळा लावता येत नाही. कारण साधं आहे : स्वसंरक्षण म्हणजे समोर धोका असताना माणसाने घेतलेला निर्णय. तार निर्णय घेत नाही.

जनावरांच्या बाबतीत वन्यजीव कायदा वेगळा चालतो. बिबट्या माणसाच्या अंगावर आला आणि जीव वाचवताना तो मेला, तर कलम ११ खाली तो गुन्हा नाही. पण हे फक्त माणसाच्या बचावासाठी. गोठ्यातली बकरी वाचवायला बिबट्याला मारलं तर संरक्षण नाही, तिथे वनविभागाकडे भरपाईचा अर्ज हाच मार्ग. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याने अनेकांचे बळी घेतले तेव्हाही त्याला गोळी घालण्याचा निर्णय वनविभागाच्या पातळीवर झाला आणि डिसेंबरमध्ये बोलावलेल्या शिकाऱ्याने तो ठार केला. त्या दिवसांत गावकऱ्यांच्या मनातला राग आणि कायद्यातली वाट यांच्यात बरंच अंतर होतं. पीक राखण्याच्या लायसनवर रानडुक्कर किंवा रोही मारण्याची मुभा आपोआप मिळत नाही, त्यासाठीही वनविभागाची परवानगी लागते.

राईनपाड्यात काय झालं होतं

स्वसंरक्षणाच्या नावाखाली काय होऊ शकतं हे धुळे जिल्ह्याने बघितलेलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज व्हॉट्सॲपवर आठवडाभर फिरत होते. मंगळवेढा भागातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले पाच भिक्षेकरी जमावाच्या हाती लागले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडण्यात आलं आणि तिथेच मारून टाकण्यात आलं.

कायद्याने बघितलं तर अफवा खरी की खोटी हा प्रश्न नंतरचा आहे. घटकाभर धरू की संशय खरा होता. पाच माणसं खोलीत बंद झाली त्या क्षणी धोका संपला होता. बाहेर शेकडो लोक, आत पाच. पिंपळनेर पोलिसांना कळवायला वेळ होता. तिथून पुढची प्रत्येक काठी ही खुनातली काठी होती. अशा वेळी 'मी एकच फटका मारला' म्हणून सुटता येत नाही, बेकायदा जमावातल्या प्रत्येकावर सामाईक उद्देशाची जबाबदारी येते. या घटनेनंतर दोनच आठवड्यांनी, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात जमावहत्या रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर आदेश दिले. नव्या न्याय संहितेत कलम १०३ (२) आलं : पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून खून केला तर प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी. ती संहिता लागू झाली तीही १ जुलैलाच, सहा वर्षांनी.

फोन दाखव म्हटलं तर?

तिसरा प्रश्न नजरेचा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. म्हणजे सरकारला डोकावायचं असेल तर त्यामागे कायदा हवा, योग्य कारण हवं आणि गरजेपुरतंच डोकावता येतं.

नाकाबंदीत याचा अर्थ असा : गाडीची कागदपत्रं, लायसन, विमा, पीयूसी मागता येतं. सहज म्हणून व्हॉट्सॲप उघडायला सांगण्याचा अधिकार त्यात येत नाही. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात फोन हवा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागणी होते, किंवा पंचनामा करून जप्ती होते, आणि कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण आता सक्तीचं आहे. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांचे निकाल अजून एकसारखे नाहीत. कोणी जोर केला तर वाद घालत हातघाईवर येऊ नये. सद्भावनेने कर्तव्य करणाऱ्या सरकारी नोकराविरुद्ध, जिवाचा किंवा गंभीर दुखापतीचा धोका नसेल तर, स्वसंरक्षणाचा हक्क चालत नाही. नाव, बक्कल नंबर, वेळ टिपून ठेवायची आणि तक्रार करायची.

'माझा फोन टॅप होतोय' ही तालुक्याच्या राजकारणातली नेहमीची तक्रार. तालुक्याच्या ठाण्यातला अधिकारी स्वतःच्या सहीने टॅपिंग करू शकत नाही. त्यासाठी केंद्र किंवा राज्याच्या गृह सचिवांच्या पातळीवरचा आदेश लागतो, तो ६० दिवसांचा असतो, वाढवला तरी १८० दिवसांच्या पुढे नाही, आणि वर पुनर्विलोकन समिती असते. ही चौकट १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आली, आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली आहे. ती मोडली तर काय होतं? मुंबईतल्या एका उद्योजकाच्या लाच प्रकरणात केंद्रीय गृह मंत्रालयाचे टॅपिंगचे तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. सार्वजनिक सुरक्षेचं कारणच दिसत नव्हतं म्हणून.

गावपातळीवर जे सर्रास होतं ते टॅपिंग नाही, सीडीआर. कोणी कोणाला किती वाजता फोन केला, कोणत्या टॉवरखाली होता, एवढंच त्यात असतं, बोलणं नसतं. तो तपासासाठी एसपी कार्यालयामार्फत मागवला जातो. त्यावरची देखरेख टॅपिंगएवढी कडक नाही, आणि खरी काळजी तिथे करायला हवी.

पाळत सगळ्यांवर सारखी पडत नाही, हेही खान्देशात उघडच दिसतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमातींना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. तो १९५२ साली गेला, पण पारधी वस्तीवर चोरीनंतर सगळ्यात आधी गाडी जाते, हे आजही ऐकायला मिळतं. हिस्ट्रीशीटर म्हणून नोंद असली तरी रात्री घरात घुसून तपासणी करणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या खरकसिंग निकालातच सांगितलं होतं. २०२२ च्या ओळखविषयक कायद्याने अटक झालेल्याचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळाचं स्कॅन वगैरे घेऊन ७५ वर्षं ठेवण्याची सोय केली. रक्ताचे, लाळेचे नमुने मात्र सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात सक्तीने घेता येत नाहीत, महिला आणि मुलांविरुद्धचे गुन्हे सोडून. हे ठाण्यात कोणी आपणहून सांगेल अशी आशा नको. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा कंपन्यांना जेवढा बांधतो तेवढा सरकारला बांधत नाही, कारण अधिसूचना काढून सरकारी यंत्रणांना त्यातून वगळण्याची सोय कायद्यातच आहे.

आणि ज्याला सरकारची नजर अजिबात नको आहे, त्याने बंदुकीच्या लायसनचा पुन्हा विचार करावा. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय डेटाबेसमध्ये युनिक नंबर असतो. नाव, पत्ता, शस्त्र, सगळं तिथे नोंदलेलं.

प्रसंग घडलाच तर

स्वसंरक्षणात समोरच्याला लागलं तर पळून जाणं सगळ्यात वाईट. ११२ ला आपणच पहिला फोन करावा, जखमीला दवाखान्यात पोचवायची सोय करावी, आणि स्वतःला लागलेलं असेल तर सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्यावी. अंगावरचे वळ दोन दिवसांत जातात, कागदावरचे राहतात. आपल्याकडून आधी फिर्याद गेली नाही तर समोरून येतेच आणि क्रॉस केस उभी राहते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. बचावाचा हक्क होता हे कोर्टात आरोपीलाच दाखवावं लागतं, मात्र सरकारी पक्षासारखं संशयापलीकडे सिद्ध करायची गरज नाही, तसं घडलं असणं जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं. बचाव करताना सद्भावनेने हात थोडा जास्त चालला आणि मृत्यू झाला, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचं कमी शिक्षेचं कलम लागतं.

ठाण्यात मारहाण झाली तर तिथल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागता येतं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपपासून आवारापर्यंत, सीसीटीव्ही लावण्याचे आणि चित्रण १८ महिने, अगदीच शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष जपण्याचे आदेश दिले आहेत. अर्जात तारीख, वेळ आणि ठाण्यातली जागा नेमकी लिहावी, आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज टेबलावर ठेवून येऊ नये.